गुलबर्ग्याचे वकील, हैदराबादचे न्यायमूर्ती

न्यायमूर्ती म्हटलं की मराठी माणसाला आधी रानडे आठवतात. ते बरोबरच आहे. पण रानड्यांच्या शेजारी आणखी दोन नावं ठेवावीत असं मला वाटतं: काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि नारायण गणेश चंदावरकर. तेलंग आधी मुंबईच्या कायदेमंडळात बसले, १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी गेले. चंदावरकर आपल्या कर्नाटकातल्या होन्नावरचे. तेही कायदेमंडळातून १९०१ साली हायकोर्टात गेले आणि उतारवयात पुन्हा कायदेमंडळाकडे वळून त्याचे अध्यक्ष झाले. दोघांवर चरित्रं आहेत, मुंबईत त्यांच्या नावाच्या खुणा आहेत, अभ्यासक्रमात कुठं ना कुठं त्यांचा उल्लेख येतो.

याच वाटेने गेलेला तिसरा माणूस आपल्या भागातला आहे आणि त्याच्याविषयी आपण जवळजवळ काहीच वाचत नाही. केशवराव कोरटकर. वकिलीची सुरुवात गुलबर्ग्यात, पुढे हैदराबादला निजामाच्या कायदेमंडळाचे सभासद, आणि शेवटी तिथल्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती. कलबुर्गीत नूतन विद्यालय सगळ्यांना ठाऊक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की पुरतं. पण त्या शाळेच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचं नाव विचारलं तर मराठी घरांतसुद्धा थोडा वेळ लागतो. (आडनावातल्या 'कोरट'चा आणि कोर्टाचा संबंध नाही. मलाही पहिल्यांदा तो विनोदच वाटला होता.)

केशवरावांचा जन्म १८६७ चा, पुरजळ गावचा. वसमत तालुका, तेव्हाचा परभणी जिल्हा, आताचा हिंगोली. आज वसमत हळदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. केशवराव लहान वयातच तिथून निघाले आणि गुलबर्ग्याला आले. शिकले इथं, वकिलीची परीक्षा दिली आणि वकिलीला सुरुवातही इथंच केली. बालपणात मी फार रमणार नाही, कारण त्यांच्या आयुष्यातली खरी गोष्ट वकिलीपासून सुरू होते.

तेव्हाचं गुलबर्गा म्हणजे काय ते थोडं डोळ्यांपुढे आणावं लागेल. मुंबईहून रायचूरकडे जाणारी रेल्वे १८७१ मध्ये पुरी झाली आणि गुलबर्गा त्या रुळांवर आलं. पुढं वाडीहून निजामाची स्वतःची रेल्वे हैदराबादला गेली. गाव सुभ्याचं ठिकाण, म्हणजे सुभेदाराची कचेरी, कोर्ट आणि त्याभोवती वकील, अर्जनवीस, स्टँपवाले. एका बाजूला बंदानवाजांचा दर्गा, दुसऱ्या बाजूला शरणबसवेश्वरांचं देऊळ, आणि गाणगापूरला निघालेले दत्तभक्त, ज्यांतले निम्मे मराठी बोलणारे. आळंद, भालकी, हुमनाबाद, उदगीर इथले शेतकरी आणि देशमुख तंट्याची कागदपत्रं घेऊन कोर्टाची पायरी चढायचे.

आता त्या कागदपत्रांकडे बघा. जुना दस्त मोडीत. अशिलाच्या तोंडी मराठी, नाहीतर कन्नड. साक्षीदार दोन्ही मिसळून बोलणार. आणि कोर्टात हे सगळं उर्दूत. १८८४ पर्यंत निजामाच्या कोर्टांची भाषा फारसी होती, मग उर्दू झाली. अर्जदावा उर्दूत, वकालतनामा उर्दूत, मुद्दई आणि मुद्दालेह, मिसल, मुराफा, तजवीज, सगळे शब्द तिथलेच. तारीखसुद्धा आपली नाही: फसली सन, म्हणजे इसवी सनातून ५९० वजा करायचे, आणि महिने आजुर, दै, बहमन असे इराणी नावांचे. पुरजळचा मराठी मुलगा या सगळ्यात इतका तरबेज झाला की त्याच्यावर वकिली चालली आणि चांगली चालली.

मी इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत शिकते. घरातल्या विषयाचा विचार मराठीत करायचा आणि परीक्षेत इंग्रजीत लिहायचं, याची मला सवय आहे. पण माझं चुकलं तर दोन मार्क जातात. त्या काळच्या अशिलाचं काय जात असेल? त्याच्या जमिनीचा निकाल त्याच्या समोर वाचला जायचा आणि त्याला त्यातला एक शब्द कळायचा नाही. बांधावरचं आपलं म्हणणं वकिलाच्या तोंडून परक्या भाषेत कसं गेलं, पुरं गेलं की अर्धं, हे त्याला तपासताच येत नव्हतं. वकील म्हणजे निम्मा कायदा आणि निम्मा दुभाषा. मला वाटतं केशवरावांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथं आहे. शाळा काढायची, ती आईच्या भाषेत काढायची, हा हट्ट ग्रंथ वाचून आलेला नसणार. तो गुलबर्ग्याच्या कोर्टाच्या ओट्यावर आला असणार. हा माझा तर्क आहे, पण तो मी सोडणार नाही.

१८९० च्या दशकात ते गुलबर्ग्याहून हैदराबादला गेले. राजधानी, मोठं कोर्ट, मोठी कामं. तिथं त्यांचं आयुष्य दोन रुळांवर चाललं. एक वकिलीचा, दुसरा आर्य समाजाचा.

निजामाच्या राज्यात आर्य समाजाची पहिली शाखा १८९१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या धारूरला निघाली आणि पुढच्याच वर्षी हैदराबादला. केशवराव तिथल्या समाजाचे पुढारी झाले आणि पुढे अध्यक्ष. समाजाचं ठिकाण सुलतान बाजार. हा भाग रेसिडेन्सी बाजारांपैकी, म्हणजे निजामाच्या राजधानीतच, पण कारभार ब्रिटिश रेसिडेंटचा. १९३३ पर्यंत तो निजामाकडे परत गेला नव्हता. निजामाच्या राज्यात सभा भरवणाऱ्यांना हा कोपरा सोयीचा पडायचा.

इथं मला थांबायला हवं, कारण मी कॅथलिक आहे आणि हे आपल्या कॉलेजचं मासिक आहे. 'सत्यार्थ प्रकाश'चा तेरावा समुल्लास ख्रिस्ती धर्मावर आहे आणि चौदावा इस्लामवर. तेरावा मी वाचला आहे. तो वाचताना मला बरं वाटलं नाही. आपण ज्याला पवित्र म्हणतो त्याची उलटतपासणी तिथं एखाद्या कडक वकिलासारखी चालते, आणि साक्षीदाराला बोलायची संधी मिळत नाही. केशवराव त्या ग्रंथाला मानणाऱ्या समाजाचे वर्षानुवर्षं अध्यक्ष होते. मग मी त्यांच्यावर कौतुकाने का लिहावं, असा प्रश्न एका मैत्रिणीने मला विचारला आणि तो रास्त आहे.

माझं उत्तर असं. हैदराबादेत सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल १८३४ पासून होतं, आपल्या लोकांचं ऑल सेंट्स १८५५ पासून. चांगलं शिक्षण हवं तर मिशनची इंग्रजी शाळा नाहीतर सरकारची उर्दू शाळा, असे दोनच रस्ते मराठी घराला दिसत होते. आर्य समाजाच्या माणसाला हे खुपणारच. पण केशवरावांनी त्यावर काय केलं? ते स्वतःची शाळा काढायला लागले. फळा, खडू, मास्तर, फी न परवडणारी मुलं. मिशनच्या कुठल्याही सिस्टरला ही भाषा समजेल. ज्याच्याशी माझं धर्माबाबत पटणार नाही त्याच्याशी माझं शाळेबाबत पटतं, आणि मला ते लपवायचं नाही.

१९०७ हे त्या दृष्टीने मोठं वर्ष. हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी राहिली आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय. गुलबर्ग्याच्या शाळेत विठ्ठलराव देऊळगावकरांचे कष्ट होते, पाठीशी केशवराव. हैदराबादच्या शाळेत त्यांच्याबरोबर वामनराव नाईक होते, आणि आणखी एक माणूस ज्याचं नाव इथं वाचून मी चकित झाले: श्रीपाद दामोदर सातवळेकर. आपण त्यांना वेदांचे भाषांतरकार, पारडीचे पंडित म्हणून ओळखतो. पण ते सावंतवाडीकडचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार होते आणि १९०० च्या सुमारास चित्रं काढून पोट भरायला हैदराबादला आले होते. आर्य समाजात आणि विवेकवर्धिनीच्या उभारणीत त्यांचा हात होता. केशवरावांच्याच वर्षी, १८६७ मध्ये जन्मलेले. पुढे लेखनामुळे सरकारची नजर वळली आणि ते हैदराबाद सोडून उत्तरेला गेले.

सातवळेकर गेले आणि केशवराव राहिले. या दोघांत फरक कशाचा होता? धाडसाचा होता असं मला वाटत नाही. सातवळेकरांना कुंचला उचलून कुठंही जाता येत होतं. वकिलाला येत नाही. त्याची सनद त्या राज्याची, त्याचे अशील त्या राज्याचे, त्याची उर्दू त्या राज्याबाहेर फारशी कामाची नाही. राहायचं असेल तर राज्याच्या चौकटीत राहूनच काहीतरी करावं लागणार. केशवरावांनी ती चौकट निवडली आणि तिच्यात जेवढं वर जाता येईल तेवढे गेले.

त्या चौकटीत कायदेमंडळ होतं. निजामाच्या राज्यात ते १८९३ मध्ये सुरू झालं. उर्दूत भारदस्त नाव, मजलिस-ए-वजा-ए-कवानीन. आजच्या विधानसभेशी त्याची तुलना करू नये. बहुतेक सभासद सरकारी अंमलदार. बिनसरकारी माणसं मोजकी, त्यांत जागीरदारांचे आणि हायकोर्टाच्या वकिलांचे प्रतिनिधी. मतदारसंघ नाही, प्रचार नाही, आणि मंजूर झालेल्या कायद्यावर शेवटचा शब्द निजामाचा. वकीलवर्गातून केशवराव या सभेवर गेले. म्हणजे लाखो मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी प्रजा आणि तिच्या बाजूने कायद्याच्या मसुद्यात बोट घालू शकणारी माणसं हातावर मोजण्याइतकी. शिवाय बोलायचं तेही उर्दूत.

काही जण म्हणतील, असल्या सभेत बसून काय मिळणार? मीही तसं म्हणून बघितलं. पण कायदा कसा लिहिला जातो हे एकदा आतून बघितलेल्या माणसाचं वाचन बदलतं. कलमातला 'किंवा' कुणी घातला, कुणासाठी घातला, हे त्याला दिसतं. पुढे न्यायासनावर बसल्यावर हे कामाला येत असणार. तेलंगांच्या हिंदू कायद्यावरच्या निकालांचं कौतुक होतं ते यामुळेच असं मला वाटतं: संस्कृत येत होतं हे खरं, पण कायदेमंडळाची सवयही होती.

मग केशवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. हैदराबादच्या भाषेत अदालत-उल-आलियाचे रुक्न. रुक्न म्हणजे खांब, सभासद. मुख्य न्यायाधीशाला मीर मजलिस म्हणायचे. मुसी नदीच्या काठावरची ती लाल-गुलाबी दगडाची, घुमटांची इमारत आपण फोटोत तरी बघितलेली असते. आज तिथं तेलंगणाचं हायकोर्ट आहे. १९०८ च्या मुसीच्या महापुराने नदीकाठ धुऊन नेला, मग तो किनारा नव्याने बांधताना हायकोर्टाची इमारत उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचं उद्घाटन झालं. केशवरावांची न्यायाधीशी त्याच सुमाराची. पुरजळहून निघालेला मुलगा तिथवर पोचला. राज्य मुस्लिम, कोर्टाची भाषा उर्दू, मोठ्या जागांवर बरेचदा उत्तर हिंदुस्थानातून आणलेली माणसं, आणि त्यांच्यात मराठवाड्यातला एक आर्य समाजी. आज हैदराबाद संस्थानाचं चित्र आपण १९४७-४८ च्या रंगात रंगवतो, रझाकारांच्या. ते चित्र खोटं नाही. पण १९२० च्या आसपासचं चित्र तेच नव्हतं, आणि केशवरावांची नेमणूक हा त्याचा पुरावा आहे.

मात्र त्या खुर्चीची किंमत होती. मुंबईचा न्यायमूर्ती सरकारचा नोकर असला तरी त्याच्यामागे एक रुळलेली व्यवस्था होती. हैदराबादेत हायकोर्टाच्या वर ज्युडिशियल कमिटी आणि तिच्याही वर निजाम. १९२१ मध्ये कारभार आणि न्याय ही खाती वेगळी करण्याचं फर्मान निघालं, आणि हे फार पुढारलेलं पाऊल होतं, ब्रिटिश हिंदुस्थानातही ते तेव्हा झालं नव्हतं. पण त्याच वर्षी परवानगीशिवाय राजकीय सभा भरवायला बंदी आली. पुढे गश्ती निशाण ५३ नावाचं कुप्रसिद्ध परिपत्रक आलं आणि सभा घेणं आणखी अवघड झालं. खाजगी शाळांनाही परवानगीच्या नियमांत अडकवलं गेलं. म्हणजे एका हाताने न्यायाधीशाला मोकळं केलं आणि दुसऱ्या हाताने न्यायाधीशाबाहेरच्या सगळ्यांना गप्प केलं. आणि न्यायाधीशाला तर बोलायचंच नसतं.

लोकांनी वाटा काढल्या. हैदराबादची राजकीय परिषद हैदराबादेत भरवता येईना, म्हणून ती हद्दीबाहेर भरली: १९२३ मध्ये काकीनाड्याला, १९२६ मध्ये मुंबईत, १९२८ मध्ये पुण्यात, १९३१ मध्ये अकोल्याला. आपल्या राज्याचं गाऱ्हाणं मांडायला दुसऱ्याच्या गावी जायचं! आणि आत राहून बोलायचं तर विषय निवडून बोलायचं. समाजसुधारणा, शिक्षण, ग्रंथालय, साहित्य. 'निजाम विजय' नावाचं मराठी साप्ताहिक १९२० मध्ये निघालं. नावातच राजाचा जयजयकार, मग आत मराठी माणसाच्या अडचणी लिहायच्या. हे बघून हसू येतं, पण त्या काळी ही युक्ती होती.

आता त्यातली एक सभा. माझ्या मते केशवरावांच्या आयुष्याबद्दल लिहिताना ती टाळता येत नाही, जरी ती त्यांच्या संस्थेच्या कीर्तीत भर घालणारी नसली तरी.

नोव्हेंबर १९२१. निजाम राज्याची सामाजिक सुधारणा परिषद. जागा, विवेकवर्धिनीचं थिएटर. अध्यक्ष, महर्षी धोंडो केशव कर्वे, पुण्याहून आलेले. विषय सुधारणेचे. भाषणं इंग्रजीत, उर्दूत, मराठीत झाली आणि लोकांनी ती ऐकली. मग आलमपल्ली वेंकट रामाराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेत हशा झाला, टाळ्या पिटल्या गेल्या, आरडाओरडा झाला, आणि त्यांना बोलू दिलं गेलं नाही.

जरा आकड्यांकडे बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास होते. मराठी साधारण चौथा हिस्सा. कन्नड त्याहूनही निम्मे, आणि उर्दू दहातला एक. म्हणजे राज्यातली सर्वात मोठी भाषा त्या मंचावर हसण्याचा विषय झाली. आणि हसलं कोण, तर ज्यांची स्वतःची भाषा कोर्टात चालत नव्हती ते लोक. आणि कुठं, तर आईच्या भाषेत शिकवायचं म्हणून बांधलेल्या शाळेच्या सभागृहात.

त्या अपमानाने दुखावलेली काही तेलुगू माणसं त्याच रात्री एका घरी जमली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. त्याचीच पुढे आंध्र महासभा झाली, तिचं पहिलं अधिवेशन १९३० मध्ये जोगीपेठला भरलं आणि तेलंगणाच्या राजकारणाचा तो पाया ठरला. तेलुगू पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग असतो. हैदराबादकडची मुलं तो परीक्षेसाठी पाठ करतात. मराठीत आपण तो विसरलो आहोत.

यात केशवरावांना आरोपी करावं असं मला वाटत नाही, आणि निर्दोष ठरवून मोकळं करावं असंही नाही. शाळा काढणारा माणूस शाळेतल्या प्रत्येक हशाला जबाबदार नसतो. पण आपली भाषा वाचवायला निघालेल्या माणसांना शेजारच्याची भाषा ऐकूच येऊ नये, हे होऊ शकतं, आणि ते चांगल्या माणसांच्या संस्थेत होऊ शकतं. भालकी-औरादकडच्या मराठी मुलांना आज कन्नडच्या वर्गात काय वाटतं, किंवा आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या तेलुगूची नक्कल करून आपण कसे हसतो, हे दोन्ही आठवून ही सभा वाचावी. मला ती वाचताना लाज वाटली, शंभर वर्षांनीही.

त्या रात्री जमलेल्यांत बुर्गुला रामकृष्ण राव होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, मराठी चांगली जाणणारे. नाव लक्षात ठेवा, ते शेवटी पुन्हा येणार आहे.

केशवरावांच्या घरातली एक गोष्ट मला कोर्टापेक्षाही बोलकी वाटते. ज्या माणसाचं सगळं आयुष्य उर्दूवर उभं राहिलं, त्याने आपला मुलगा विनायक याला हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत ठेवलं. हे गुरुकुल मुन्शीराम नावाच्या जालंधरच्या वकिलाने काढलेलं, जे पुढे स्वामी श्रद्धानंद झाले. तिथं लहानपणी मुलगा द्यायचा आणि तो तरुण होऊन परत यायचा. शिक्षणाचं माध्यम हिंदी, पदवीला सरकारची मान्यता नाही. 'विद्यालंकार' ही त्या गुरुकुलाची पदवी, आणि विनायकरावांनी ती आडनावासारखी कायमची लावली. मराठी बाप, उर्दू कोर्ट, हिंदी गुरुकुल. मग मात्र विनायकराव इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर होऊन आले! तत्त्व पुरं पाळायचं आणि पोटाचीही सोय बघायची, हे कुठल्याही सीमेवरच्या घराला ओळखीचं वाटेल. आमच्याकडे मुलांना घरी मराठी, शाळेत इंग्रजी, नोकरीसाठी कन्नड असं वाटून दिलेलं असतं. केशवरावांनी तेच केलं, फक्त जास्त लांब पाठवून.

१९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं. अध्यक्ष ज्ञानकोशकार डॉ. केतकर. निजामाच्या राजधानीत मराठीचा एवढा मोठा मेळा. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये केशवराव गेले. ६५ वर्षांचं आयुष्य.

ते गेले आणि त्यांनी निवडलेली चौकट काही वर्षांतच मोडायला लागली. १९३८ मध्ये उदगीरचे वकील भाई श्यामलाल बिदरच्या तुरुंगात मरण पावले. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यातच होतं. आर्य समाजाने त्यांना हुतात्मा मानलं. त्या वर्षअखेरीपासून आर्य समाजाचा सत्याग्रह सुरू झाला, देशभरातून हजारो माणसं तुरुंगात जायला आली. एकामागून एक सर्वाधिकारी नेमले गेले, त्यांत आठवे होते विनायकराव. त्यांची पाळी यायच्या आधी, ऑगस्ट १९३९ मध्ये, तडजोड झाली. बापाने निजामाच्या कोर्टात निकाल दिले, मुलगा त्याच सरकारविरुद्ध तुरुंगात जायला तयार उभा. यात बापाचं चुकलं होतं आणि मुलाचं बरोबर, असं मी म्हणणार नाही. पण जी वाट बापाला उघडी होती ती मुलाच्या वेळेपर्यंत बंद झाली होती, एवढं दिसतं. १९४० मध्ये हैदराबादच्या नारायणगुड्यात केशव मेमोरियल नावाची शाळा निघाली. आज त्याच नावाखाली इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कायद्याचं कॉलेजही आहे. इंजिनिअरिंगची मुलं त्याला केएमआयटी म्हणतात. त्यातला 'के' म्हणजे कोण, हे विचारायची वेळ कुणावर येत नसावी.

पोलीस कारवाईनंतर विनायकराव मंत्री झाले. १९५२ ची निवडणूक झाली, हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले बुर्गुला रामकृष्ण राव. विवेकवर्धिनीतल्या त्या हशानंतर त्या रात्री जमलेल्यांतले एक. आणि त्यांच्या मंत्रिमंडळात केशवरावांचा मुलगा. शेवटी शेवटी राज्याचं अर्थखातं विनायकरावांकडे होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्यच राहिलं नाही. भाषांप्रमाणे त्याचे तीन तुकडे झाले. बिदर जिल्हा तर आतूनच फाटला: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. केशवरावांच्या आयुष्यातली तीन गावं त्या एका दिवशी तीन राज्यांत गेली. पुरजळ मुंबई राज्यात, गुलबर्गा म्हैसुरात, आणि मुसीकाठचं हायकोर्ट आंध्र प्रदेशात.

कलबुर्गीला आता हायकोर्टाचं स्वतःचं पीठ आहे, २००८ पासून. जमिनीच्या जुन्या दाव्यात कधी कधी पिवळा पडलेला निजामाच्या काळातला दस्त निघतो, उर्दू अक्षरांचा, फसली सनाचा. मग वकील अशिलाला सांगतात, आधी हा कुणाकडून तरी वाचून आणा, आणि भाषांतर सोबत जोडा.